‘लग जाएगी’ आणि ‘चलेगी’ यात फरक आहे: रॅमचा वेग परत परत खाली का येतो

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे नुसतं ‘मामा’ ऐकू आलं तरी पोटात गोळा यायचा. वाक्य होतं, “मामा, परत चोवीसशे!”

भाचा शिकायला आमच्याकडे राहतो. त्यानं पैसे साठवून एक सेकंडहँड बी४५० मदरबोर्ड, त्यावर एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि डीडीआर४ पिढीच्या रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन कोऱ्या स्टिक असं मशीन जोडलं. रॅमच्या खोक्यावर वेगाचा ठळक आकडा ३६००. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २४००. ते आम्ही ठीक केलं. आठवड्याभरात परत २४००. तेही ठीक केलं. मग रोज सकाळी २४००. लक्षण तिन्ही वेळा एकच, कारण मात्र दर वेळी निराळं. त्यामुळे पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी लागू पडेना, आणि आपण काहीतरी मूलभूत चुकतोय असं दोघांनाही वाटायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या काकांच्या मशीनमध्ये चौथं कारण निघालं, आणि त्याला तर इलाजच नव्हता.

आधी दुकानातला प्रश्न. जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये रॅम घ्यायला गेलं की आपण विचारतो, “इस बोर्ड में लग जाएगी ना?” समोरून येतं, “अरे भिया, बिंदास लग जाएगी.” तो खोटं बोलत नसतो. डीडीआर४च्या बोर्डात डीडीआर४ची कुठलीही साधी डेस्कटॉप स्टिक लागते, बसते आणि बहुतेक वेळा मशीन सुरूही होतं. पण बसणं वेगळं, चालणं वेगळं आणि छापील वेगानं चालणं त्याहून वेगळं. आपल्याला तिसरं हवं असतं आणि आपण पहिलं विचारून घरी येतो.

बसण्याबद्दल फार लिहीत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना पिना २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जातच नाही. जोर लावला तर स्लॉट फुटतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचे) काही बोर्ड डीडीआर४चे आणि काही डीडीआर५चे येतात, तेव्हा नुसतं ‘बी६६०’ एवढं पाहून रॅम घेऊ नका. बोर्डाचं पूर्ण नाव पाहा. आणि कूलर मोठा असेल तर पत्र्याची उंच स्टिक त्याच्या पंख्याला आडवी येते, तेही घरून मोजून जा.

आता वेग. स्टिकवर छापलेला ३२०० किंवा ३६०० हा आकडा स्टिकचा स्वभाव आहे असं आपण समजतो. तसं नाही. डीडीआर४साठी जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: २१३३, २४००, २६६६, २९३३, ३२००. या पायऱ्यांवर स्टिक १.२ व्होल्टवर, कुणी काही न सांगता चालते. त्यापलीकडचं, किंवा त्याच वेगाला जास्त चपळ टायमिंग (मागितलेली माहिती यायला किती ठोके लागतात त्याचे आकडे), हे स्टिकच्या एका छोट्या चिपमध्ये ‘एक्सएमपी’ नावानं लिहून ठेवलेलं असतं. हे प्रोफाइल इंटेलनं २००७मध्ये डीडीआर३च्या काळात आणलं. त्यात म्हटलेलं असतं: मला १.३५ व्होल्ट द्या, ही ही टायमिंग द्या, मग मी ३६००ला पळून दाखवीन. बोर्डला कुणी सांगितलं नाही तर तो हे पान उघडतच नाही; खालची जेडेकची पायरी पकडून बसतो.

भाच्याची पहिली तक्रार एवढीच होती. त्याच्या स्टिकमध्ये सगळ्यात वरची जेडेक पायरी २४००ची होती, म्हणून २४००. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू केलं, झालं. एएमडीच्या बोर्डांवर याच गोष्टीला कुठे ए-एक्सएमपी, कुठे डीओसीपी म्हणतात. डीडीआर५साठी एएमडीनं २०२२मध्ये स्वतःचं एक्स्पो काढलं. नाव काही असो, बहुतेक बोर्डांत बायोसच्या पहिल्या पानावरच ते बटण सापडतं. इथे एक गमतीची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगून टाकतो. सीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ‘डीरॅम फ्रिक्वेन्सी’ १८०० दिसली आणि मी भाच्याला ऐकवलं की तुला फसवलंय, अर्धीच रॅम दिली. डीडीआरमधला ‘डी’ डबलचा. घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते. १८०० म्हणजेच ३६००. भाच्यानं दुकानदाराकडे जायला चप्पल घातली होती.

दुसऱ्या तक्रारीवर आमचे बारा दिवस गेले.

एक्सएमपी लावून मशीन छान चालू झालं. चार दिवसांनी ब्राउझरचे टॅब आपोआप मरायला लागले. एकदा मोठी झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ आलं, तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर मुकाट उघडली. मग निळा स्क्रीन, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. आणि एका सकाळी बटण दाबल्यावर पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, पडदा काळा. मशीन स्वतःच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, असं तीनदा झालं आणि मग संदेश आला की ओव्हरक्लॉकिंग (हमीपेक्षा जास्त वेगानं चालवणं) फसलं, सेटिंग पाहा. विंडोजमध्ये जाऊन पाहिलं तर २४००.

हे जे मशीनचं तीनदा उठणं-बसणं आहे त्याला घाबरू नका. दर वेळी सुरू होताना प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी सूर जुळवतात, त्याला ट्रेनिंग म्हणतात. ठरलेल्या वेगावर सूर जुळला नाही तर बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि मग नाद सोडून सुरक्षित पायरीवर येतो. म्हणजे २४०० हा इथे बिघाड नव्हता, बोर्डनं घेतलेली माघार होती. बिघाड शोधायचा तर ३६०० का जमेना हे शोधायला हवं. (डीडीआर५ लागणाऱ्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर पहिल्यांदा सुरू करताना हेच ट्रेनिंग काही मिनिटं चालतं, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. माझ्या ओळखीतल्या एकानं त्या काळ्या पडद्याला घाबरून चार वेळा वीज तोडली आणि बोर्ड परत करायला निघाला. चहा ठेवा, पिऊन या, मग ठरवा.)

सगळ्यात आधी झाकण उघडलं. चार स्लॉट, दोन स्टिक. भाच्यानं त्या प्रोसेसरच्या बाजूनं पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये घातल्या होत्या. त्याचं म्हणणं, “मामा, ड्युअल चॅनेल दाखवतंय, मग बरोबरच आहे ना?” अर्धं बरोबर होतं. पहिला-दुसरा मिळून एक चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतचा एक रस्ता, तिसरा-चौथा मिळून दुसरा. पहिला आणि तिसरा घेतला तर दोन्ही चॅनेल भरतात. पण या बोर्डावर प्रोसेसरपासून निघालेली तार आधी पहिल्या स्लॉटला शिवते आणि तशीच पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. स्टिक पहिल्यात असली की दुसऱ्यापर्यंतचा तारेचा तुकडा रिकामा लोंबकळत राहतो. सिग्नल त्या टोकापर्यंत जातो आणि आपटून परत येतो, विहिरीत मारलेली हाक यावी तसा. २४००ला हा प्रतिध्वनी चालून जातो, ३६००ला पुढच्या शब्दात मिसळतो. म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं: दोनच स्टिक असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. पुस्तिका सेकंडहँड बोर्डाबरोबर येत नाही. पण बोर्डावर स्लॉटशेजारी बारीक अक्षरात नावं छापलेली असतात आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावर पुस्तिका फुकट मिळते.

स्टिक हलवल्या. सुरुवातीचं उठणं-बसणं थांबलं. भाचा खूश.

मी खूश नव्हतो, कारण मशीन सुरू होणं म्हणजे रॅम धड असणं नव्हे. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकला, रात्री जेवणानंतर लावला आणि झोपलो. त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते, सोळा जीबीला काही तास लागतात. सकाळी हिरवं, एकही चूक नाही. आणि त्याच दिवशी दुपारी तीनला निळा स्क्रीन!

माळव्याच्या रात्री थंड असतात, शब-ए-मालवा म्हणून आपण मिरवतो. पण खोलीत दुपारी उन्हाची झळ येते, भिंती तापतात, आणि भाच्याची खोली गच्चीखाली आहे. रॅमच्या पेशीतला विद्युतभार सतत गळत असतो, तो ताजा करत राहावा लागतो; तापली की गळती वाढते. काठावर चालणारी रॅम रात्री पास होते आणि दुपारी नापास. म्हणून आम्ही दुसरी चाचणी मुद्दाम दुपारी लावली, कॅबिनेटचं झाकण बंद ठेवून, जसं रोज असतं तसं. पाचव्या टप्प्यावर लाल ओळी आल्या. या चाचणीत ‘एकच चूक आहे, चालेल’ असं नसतं. एक चूक म्हणजे कधी तरी तुमच्या फाइलमधलं एक अक्षर गुपचूप बदलणार.

मग स्टिक एकेक करून २४००ला तपासल्या. दोन्ही निर्दोष. म्हणजे स्टिक खराब नव्हत्या, दोष ३६००चा होता. हा टप्पा गाळू नका. २४००लासुद्धा चुका आल्या असत्या तर उपाय एकच, वॉरंटीत स्टिक परत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण विचारतो ‘या बोर्डला ही रॅम चालेल का’, पण रॅमशी बोलणारा भाग बोर्डवर नसतोच. पूर्वी असायचा. एएमडीनं २००३मध्ये आणि इंटेलनं डेस्कटॉपवर २००८मध्ये तो उचलून प्रोसेसरच्या आत नेला. त्यामुळे खरा प्रश्न तिघांना विचारायचा असतो: स्टिक किती सांगते, प्रोसेसर किती झेपवतो, बोर्ड किती जाऊ देतो. तिघांत जो सगळ्यात कमी सांगेल त्याचं चालतं. रायझन ५ ३६००ची एएमडीनं दिलेली हमी ३२००ची आहे, तीही दोन स्टिक असताना. ३६०० अनेकांकडे चालतं, खुद्द एएमडीनंही २०१९मध्ये ते या पिढीला मानवतं असं सांगितलं होतं. पण ‘मानवतं’ आणि ‘हमी’ यात अंतर आहे. त्याच कारखान्यातून निघालेले दोन प्रोसेसर या बाबतीत सारखे नसतात. शेजारच्या मुलाचा ३६००ला चालतो म्हणून तुमचा चालेल असं नाही, आणि न चालल्यास तुम्ही तक्रारही करू शकत नाही.

आम्ही बायोस अद्ययावत केलं. हे पहिल्या पिढीच्या रायझनपासून करून पाहण्यासारखं आहे. २०१७मध्ये सुरुवातीच्या बोर्डांवर रॅमची जी रडगाणी होती त्यातली बरीच नुसत्या नव्या बायोसनं मिटली. फक्त ते करताना मशीन यूपीएसवर हवं. मे महिन्यात दुपारी वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेलं बायोस म्हणजे बोर्ड गेला. मग रॅमचा व्होल्टेज १.३५वरून १.३८ केला. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. याहून वर मी गेलो नाही. इथे भाच्याचं आणि माझं वाजलं. त्याला आणखी व्होल्टेज देऊन बघायचं होतं, मला दुपारी झोपायचं होतं.

शेवटी हातानं ३२०० लावलं आणि टायमिंग १८ ऐवजी १६ केलं. दुपारच्या चाचणीत चार फेऱ्या, शून्य चुका. भाचा रुसला: “चारशे कमी!” त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. सीएलच्या, म्हणजे टायमिंगच्या पहिल्या, आकड्याला दोन हजारानं गुणा आणि वेगानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३६०० आणि सीएल१८: दहा. ३२०० आणि सीएल१६: दहा. मागितलेली पहिली गोष्ट हातात यायला दोघींना सारखाच वेळ. फरक एकदम किती माल वाहून नेता येतो यात, आणि रोजच्या कामात तो जाणवेल असा मला तरी वाटत नाही. उलट लोक जिथे खरोखर मार खातात ती जागा वेगळीच आहे: एकच स्टिक घालणं. ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. २६६६च्या दोन मिळून सुमारे ४२.६. आठ-आठच्या दोन घेण्याऐवजी ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून सोळाची एक घेणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांनी, हा हिशेब आधी करावा.

तिसरी तक्रार आली तेव्हा मी जवळजवळ हात टेकले होते. रोज सकाळी २४००. दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू करा, ३२०० टिकतं. रात्र उलटली की गेलं. निळा स्क्रीन नाही, उठणं-बसणं नाही, चाचण्या स्वच्छ. भाच्यानं तर ‘रात्रीच्या थंडीनं होतंय का’ असं विचारलं. माझाच सिद्धांत माझ्यावर उलटला.

उलगडा आईनं केला, नकळत. सकाळी पोहे परतताना म्हणाली, “अरे, ह्या पोराच्या खोलीत रात्रभर तो लाल दिवा जळत असतो. मी रोज झोपायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करते. कोणाला काही काळजी आहे का विजेची?”

बोर्डवर एक चपटी गोल बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डाचं घड्याळ एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणाऱ्या थोड्याशा विजेवर चालतं, बॅटरीला काम नसतं. बटण बंद केलं की सगळा भार बॅटरीवर. आमचा बोर्ड सेकंडहँड. बॅटरी किती वर्षांची होती देव जाणे. घड्याळ बंद पडलेलं दिसलं की बोर्ड समजतो सगळं पुसलं गेलंय, आणि सेटिंग मूळपदावर आणतो. एक्सएमपी बंद, हातानं लावलेलं टायमिंग गायब, २४००. लक्षण आधीही होतं, आम्ही पाहिलं नव्हतं: सकाळी सकाळी संकेतस्थळं ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणत होती, कारण तारीख काही वर्षं मागे गेलेली असायची. थोड्या वेळानं विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करायचं आणि भाचा विसरायचा.

राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली, दोन प्लेट कचोरीच्या पैशात. जुनी मीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होती. बदलताना वीज पूर्ण तोडा, कॅबिनेटचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि बॅटरीची छापलेली बाजू वर. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठल्या आकड्यावर चाचणी पास झाली होती ते आठवणीवर सोडलं तर पुन्हा बारा दिवस जातात. आई अजून रोज बटण बंद करते. ३२०० टिकून आहे.

आता काकांचं मशीन. त्यांच्या ऑफिसातलं, तयार मिळणारं, इंटेलच्या आय५-१०४०० प्रोसेसरचं आणि एच४१० चिपसेटचं. भाच्याचं मशीन पळताना पाहून त्यांनीही पत्र्याची, दिव्यांची ३२००ची जोडी आणली. दिसलं २१३३. मला म्हणाले, “तू तुझ्या भाच्याचं केलंस तसं माझंही एकदा बघ रे.” बायोस उघडलं, तर तिथे एक्सएमपीचं पानच नाही. ऑफिससाठी बनवलेल्या अनेक तयार मशीनमध्ये आणि बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये ते नसतं. आणि असतं तरी फार फरक पडला नसता: आय५-१०४००ची मर्यादा २६६६, आणि एच४१० त्यापलीकडे जाऊच देत नाही. इंटेलनं चिपसेटच्या एच आणि बी मालिकेत ही दारं बंद ठेवली होती; बी मालिकेला २०२१च्या बी५६०पासून उघडली, एच५१० आणि एच६१०ला तरीही नाही. एच६१०वर डीडीआर४ ३२००ला थांबते, स्टिक ४०००ची असली तरी. एएमडीकडे हे इतकं कडक नाही, पण तिथे प्रोसेसरची पिढी पाहावी लागते: रायझन ३ ३२००जी या प्रोसेसरचं नाव वाचून ते तिसऱ्या पिढीच्या बरोबरीचं वाटतं, प्रत्यक्षात त्याची हमी २९३३ची.

काकांना सांगायला सगळ्यात अवघड गेलं ते पुढचं. त्यांच्या स्टिकवरचा ३२०० हा पूर्णपणे एक्सएमपीच्या भरवशावरचा होता. जेडेकची वरची पायरी होती २१३३. दुकानात शेजारीच टांगलेली, पत्रा नसलेली साधी हिरवी ३२०० सीएल२२ची स्टिक त्यांनी घेतली असती तर तिच्यात जेडेकच्या पायऱ्याच ३२००पर्यंत असतात, १.२ व्होल्टवर. ती त्यांच्या मशीनमध्ये काही न करता २६६६ला चालली असती. महाग स्टिक २१३३ला, स्वस्त २६६६ला. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “दिवे तरी छान आहेत.”

म्हणून खरेदीआधी एवढं बघा. स्वतःच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधून ‘मेमरी’च्या रकान्यातला आकडा लिहून घ्या. बोर्डाच्या पानावर रॅमची तपासलेली यादी असते, क्यूव्हीएल म्हणतात, ती पाहा. तिथे स्टिकचा अख्खा भाग-क्रमांक जुळायला हवा, नुसतं नाव आणि वेग नाही, आणि किती स्टिक घालून तपासली तेही लिहिलेलं असतं. यादीत नसली म्हणजे चालणार नाही असं नव्हे, पण असली तर भांडायला आधार असतो. बोर्डाच्या पानावरच्या आकड्यापुढे ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक) लिहिलं असेल तर तो वेग हमीचा नाही असं वाचा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी नसेल तर दुकानात विचारा, “एक्सएमपी के बिना कितने पे चलेगी?” हा प्रश्न विचारल्यावर मला पहिल्यांदाच काउंटरमागचा माणूस मोबाइल बाजूला ठेवून स्टिकचं लेबल वाचताना दिसला.

चुकीचं सेटिंग लावून पडदा कायमचा काळा झाला तर: वीज बंद, बोर्डावर ‘क्लिअर सीमॉस’च्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर तीच गोल बॅटरी काढून काही मिनिटं थांबा. त्यानंतर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. डीडीआर५ आणि रायझन ७०००वाल्यांनी एक्स्पो लावण्याआधी बायोस नक्की नवं करावं. २०२३मध्ये काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजनं जळाले आणि त्यानंतर एएमडीनं आतल्या एसओसी व्होल्टेजला (रॅमशी बोलणाऱ्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची वेसण घातली. जुन्या बायोसवर ती वेसण नाही.

परवा भाचा पुन्हा दारात उभा. हातात दोन स्टिक, मित्रानं विकायला काढलेल्या, वेग तोच ३६००, निर्माता वेगळा. “मामा, दोन स्लॉट रिकामेच आहेत ना, लागतील ना?” लागतील. चार स्टिक झाल्या की या प्रोसेसरची हमी २९३३वर येते, आणि त्या स्टिक दुहेरी रँकच्या (चिपांचे दोन गट असलेल्या) असल्या तर २६६६वर. शिवाय दोन वेगळ्या जोड्या मिसळल्या की चौघींना सगळ्यात मंद स्टिकच्या टायमिंगवर चालावं लागतं. मी त्याला म्हटलं, लाव, पण आधी आत्ताच्या सेटिंगचे फोटो काढ, आणि चाचणी दुपारी.